उलट्या हाताने

अठ्ठावीस वर्षं मी कापडातले दोष शोधले.
मिलचं फोल्डिंग खातं, काचेचं टेबल,
खालून ट्यूबलाइट, वरून सरकत जाणारा तागा.
गाठ, तुटका ताणा, तेलाचा डाग,
दिसला की लाल खडूचा गोल.
गनीभाईंनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं,
"आँख से नहीं बाबू, उलटे हाथ से देखो.
हथेली तो काम कर-करके बहरी हो जाती है."

आणि कुंदाच्या छातीवरचे दाणे
मी घामोळं म्हणून पास केले.

वैशाख होता. रामबागेतल्या आमच्या खोलीत
कूलरचं पाणीसुद्धा कोमट.
टाक्यांच्या रेषेशेजारी आधी तीन, मग पाच,
मसुरीएवढे, गुलाबी.
दुखत नव्हते, खाजत नव्हते.
मी चंदन उगाळलं. मग पावडर.
मग समोरच्या आपटे वहिनींचं कडुलिंबाचं काहीतरी.
ऑपरेशनला चार वर्षं झाली होती,
आम्ही पेढे वाटून मोकळे झालो होतो.

डॉक्टर छाजेडबाईंनी चष्मा कपाळावर सरकवला.
बोट टेकवलं, दाबलं, हलवून पाहिलं,
साबुदाण्याएवढा तुकडा काढून पाठवला.
आठ दिवसांनी म्हणाल्या,
"हा कातडीचा आजार नाही, काका.
तोच आहे, जुना. आतून कातडीपर्यंत आलाय."
आणि प्रत्येक दाण्याभोवती पेनाने गोल काढला,
पुढच्या खेपेला वाढ मोजता यावी म्हणून.
मी बघत राहिलो.
खडू फक्त निळा होता.

परतताना रिक्षा मिलसमोरून गेली.
चिमणी उभी आहे अजून, धूर नाही.
कुंदा म्हणाली,
"म्हणजे मी आता सेकंडचा माल.
किलोवर काढणार का?"
रिक्षावाल्याने आरशात पाहिलं.
मला हसू आलं, आणि ते थांबवता येईना.

सेकंडचा माल पगाराच्या दिवशी
कामगारांना वजनावर मिळायचा.
आमचे पडदे, उशांचे अभ्रे, तिचे परकर,
मुकुलची दुपटी, सगळ्यांवर कुठे ना कुठे
न धुतला जाणारा तो गोल.
कुंदाने एकेका गोलाभोवती
साखळी टाक्याच्या पाकळ्या भरल्या होत्या.
पाहुण्यांना वाटायचं, हौस.

इंदूरची थंडी पडेपर्यंत
दाणे एकमेकांना भेटले होते.
मधली कातडी ताठ,
खळ दिलेल्या मांजरपाटासारखी. चिमटीत येईना.
दीर्घ श्वास घेतला की म्हणायची,
"कुणीतरी दोन नंबर लहान पोलकं शिवलंय."
मग एक जागा फुटली.

आता रोज सकाळी मी गोळी कुटून पूड भुरभुरतो,
ओलसर जाळी ठेवतो, वर कापूस,
वर जुन्या परकराचा मऊ पट्टा.
चिकटपट्टी नाही, तिच्याबरोबर कातडी निघते.
वास आला की कुंदा खिडकीकडे तोंड फिरवते.
मी फिरवत नाही.
एकदा मळमळलं, तेव्हा दूध उतू जातंय म्हणून उठलो.
गॅसवर दूध नव्हतं. तिला माहीत होतं.

एकोणचाळीस वर्षांच्या संसारात
जे शरीर दिवा मालवल्यावरच भेटलं
ते आता पडदा सारून, उजेडात, चष्मा लावून बघतो.
पहिल्या दिवशी तिने डोळ्यांवर हात घेतला होता.
स्वतःच्या नव्हे, माझ्या.

"आज किती?" ती विचारते.
सुरुवातीला खरा आकडा सांगायचो,
रिपोर्टात खोटं लिहायची मला सवय नाही.
परवा म्हणालो, मोजले नाहीत.
ती म्हणाली, बरं केलंस.

पाठीवर, डाव्या खांद्याखाली,
अजून वीतभर जागा आहे तशीच,
लग्नातल्यासारखी.
पट्टी बांधून झाली की तिथे हात ठेवतो.
उलटा नाही.
तळहात. बहिरा.